शेंदराखालच्या ओळी

आमच्या कार्यालयात काका आत्ता कुठे आहेत हे कुणाला विचारावं लागत नसे. दाराच्या कडीवर, पाण्याच्या माठावरच्या झाकणीवर, हजेरीपुस्तकाच्या कोपऱ्यावर त्यांची काळी बोटं उमटलेली असत. त्या बोटांच्या मागोमाग गेलं की काका सापडत. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टाइपरायटरवरचं पांढरं कापड उचलून आत काय आहे ते बघितलं, आणि माझ्या आईने चार रात्री जागून कशिदा काढलेलं ते कापड कायमचं कामातून गेलं. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि जिभेला हाड नव्हतं. मी सरळ भांडले.

"अहो, हात तरी धुवून येत जा!"

"धुतले ना वं बाई," ते म्हणाले आणि दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर धरले. "हे धुतल्यावरचे आहेत."

ही साठीच्या दशकातली गोष्ट. जुने दगड, मूर्ती, नाणी यांची दप्तरं ठेवणारं नागपुरातलं ते एक लहानसं सरकारी कार्यालय होतं. साहेब एक, मी टायपिस्ट, एक चपराशी, आणि हे ठसे घेणारे काका. कुठल्या गावी कोरलेला दगड सापडला की काकांनी पिशवी घेऊन जायचं आणि त्या लेखाचा कागदावर ठसा घेऊन यायचा. दगड घासून धुवायचा, ओला कागद त्यावर पसरायचा, आणि केसांच्या ब्रशने तो इतका ठोकायचा की कागद अक्षरांच्या खाचांत जाऊन बसला पाहिजे. मग काजळीच्या शाईत बुडवलेली कापडाची पोटली हलक्या हाताने त्यावर थापायची. वरचा सपाट भाग काळा होतो, खाचेत गेलेली अक्षरं पांढरी राहतात. सांगायला चार वाक्यं लागली, शिकायला त्यांना दहा वर्षं लागली होती. ब्रश मारताना ते कागदाशी बोलत. "बस, बस, बस माय," असं हळूहळू चाललेलं असे, दूध काढताना गाईशी बोलतात तसं.

ठसा घ्यायला दगडच पाहिजे असं मात्र काही नव्हतं. हा माणूस दिसेल त्याचा ठसा घेई. इतवारीत ज्वारी आणायला गेले तर दुकानदाराच्या लोखंडी मापांचे ठसे घेऊन येत, आणि ज्वारी तिथेच विसरत. बसच्या सीटच्या पाठीवर कुणी खिळ्याने नाव कोरलेलं असलं की आपला थांबा येऊन गेला तरी त्यांना पत्ता नसे. माझं लग्न ठरलं तेव्हा ते एका रविवारी सकाळीच आमच्या घरी हजर झाले आणि आईला म्हणाले, "वहिनी, तुमची सगळी भांडी काढा बरं बाहेर." आईला वाटलं, कल्हईवाला आणला असेल. काकांनी अंगणात बसून एकेक भांडं मांडीवर घेतलं आणि त्यावर घातलेल्या नावांचे ठसे काढले. आईच्या आईचं नाव, माझ्या आत्याचं लग्न, कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण, सगळं पितळेवरून कागदावर आलं. त्याची त्यांनी एक लांब गुंडाळी केली आणि लग्नात आहेर म्हणून मला दिली. सासरची माणसं हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू! पुढे स्टीलचं वेड आलं तेव्हा आईने ती सगळी पितळ मोडीत घातली, आणि तिच्या हातात त्या नावांतलं उरलं काय तर ती गुंडाळी. माझ्या घरी आली की आई ती न चुकता मागून घ्यायची आणि मांडीवर उलगडून बसायची.

सगळ्यांत मोठी गंमत पुढेच आहे. तीस वर्षं ब्राह्मीतले लेख उतरवून आणणाऱ्या या माणसाला ब्राह्मीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. साहेबांच्या खोलीबाहेर भिंतीवर ब्राह्मी अक्षरांचा तक्ता होता. मी दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता वर्षभरात तो पाठ केला. काका त्याच भिंतीखाली डबा खात, पण तक्त्याकडे पाठ करून. मला राहवलं नाही.

"काका, एवढे दगड बडवले, कधी वाटत नाही का, यात लिहिलंय काय?"

"वाटते ना."

"मग शिका की! मी शिकवते. शिकवणारं असलं तर आठ दिवसांचं काम आहे."

"नको."

"काहून पण?"

त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "हे पाय, वाचता आलं का हात शहाणा होते. त्याले पुढचं अक्षर आधीच माहीत असते. दगडात असो नसो, हात ते काढते. मले मुका हात पायजे."

"म्हणजे अडाणी राहायचं!"

"राहू दे ना वं. शहाणे लोक हापिसात लय आहेत."

हे मला टोचून बोलले असं वाटून मी दोन दिवस त्यांना चहा विचारला नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हा आणखी वेगळा संताप.

डोळ्यांवर तर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. दगडासमोर गेले की ते डोळे मिटत आणि हात फिरवीत. "डोये लबाड असतात," हे त्यांचं ठरलेलं. "ऊन पडलं का वेगळं सांगतात, ढग आला का वेगळं." संत्री घेतानाही डोळे मिटून घेत. आमचे साहेब हुशार होते, शिकलेले होते, माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांचा सगळा कारभार डोळ्यांचा आणि भिंगाचा. या दोघांचं जे वाजलं ते त्या खांबावरून.

उमरेडच्या रस्त्याला एका फाट्यावरून आत दीड कोसावर एक लहान गाव आहे. त्या गावाच्या शिवेला, भागाबाई नावाच्या एका विधवेच्या शेतात, छातीएवढा उंच चौकोनी खांब उभा होता. गाव त्याला देव म्हणत होतं. दर शनिवारी तेल, दर चैत्रात शेंदूर, असं किती पिढ्या चाललं होतं कोण जाणे. शेंदराचा थर चढून चढून खांब अंगाने दुप्पट झाला होता. काका तिथे दुसऱ्याच कुठल्या कामासाठी गेले होते. परतीची बस चुकली म्हणून भागाबाईच्या बांधावर बसले, आणि उठताना चारचौघांसारखा देवाला हात लावून नमस्कार केला. तो हात त्यांनी काढलाच नाही. खाली, जिथे शेंदूर पातळ होता, तिथे त्यांच्या बोटांना बारीक खळग्यांच्या एकाखाली एक रांगा लागल्या. सरळ रेषेत.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले ते थेट साहेबांच्या खोलीत, चप्पल न काढता. "साहेब, तिथं ओळी आहेत. मोजता नाही आल्या, पण आहेत."

साहेब गेले. जीप घेऊन गेले, भिंग घेऊन गेले. खांबाला एक प्रदक्षिणा घातली आणि चपराश्याला म्हणाले, "रॉकेल आण आणि पत्रा आण, खरवडून बघू." तेवढ्यात भागाबाई विळा हातात घेऊन देवासमोर येऊन उभी राहिली. गवत कापत होती म्हणून विळा होता, असं ती पुढे सांगायची. तिचं म्हणणं साधं होतं. देवाला लोखंड लावायचं नाही. देवाला अंगावरचं जड झालं की तो आपणच खोळ टाकतो. तिच्या तोंडी 'खोय'. तिच्या सासूच्या वेळी टाकली होती. शेंदराचं ते कवच आपोआप सुटून खाली येतं, ते वाजतगाजत नदीत सोडतात, आणि दिवेलागणीच्या आत देवाला नवा शेंदूर लावतात. उघड्या अंगाने त्याला रात्र काढू देत नाहीत.

"आणि कधी टाकणार तुमचा देव खोळ?" साहेबांनी विचारलं.

"त्याच्या मनात येईन तवा."

साहेब हसून जीपमध्ये बसले. काका मात्र तिथेच थांबले. त्यांनी भागाबाईला शब्द दिला. देवाला आमच्याकडून लोखंड लागणार नाही. तो आपण होऊन खोळ टाकेल त्या दिवशी तिने त्यांना बोलवायचं. ते कागद लावतील, कागद काढतील, आणि दिवेलागणीच्या आत देव झाकला जाईल. भागाबाईने विळा खाली ठेवला आणि म्हणाली, "ठीक हाय, बाबूजी. मी सांगावा धाडीन." साहेबांनी तिकडे फाइलवर शेरा मारला: लेख नाही, नैसर्गिक चिरा आहेत. तो शेरा मीच टाइप केला.

त्यानंतर बारा वर्षं काका दर चैत्रात रजा काढून त्या गावी जात. बरोबर स्वतःच्या पैशाने शेंदूर आणि तीळतेल नेत. चपराशी चिडवायचा, "काका, सरकारचा माणूस देवाले शेंदूर फासून राहिला!" ते म्हणत, "वजन वाढवून राहिलो, लेका. जड झाल्याबिगर सुटन कशी?" खोळीवर ते बोटाच्या पेरांनी टकटक करीत, वाजवून बघत, आणि परत आल्यावर मी काही विचारायच्या आत सांगत, "अजून धरून आहे." त्या बारा वर्षांत मला दोन मुलं झाली. माझं भांडणं काही सुटलं नाही. काकांना मी शंभर वेळा सुनावलं असेल, "एका दगडापायी साहेबांच्या शेऱ्याला खोटं म्हणालात, वाकडं घेतलं, बढती गेली, मिळवलं काय?" ते म्हणत, "खाली ओळी आहेत वं बाई." बस, एवढंच.

मग ते निवृत्त झाले. प्रताप नगरात दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, तिथे राहायला गेले. निवृत्तीआधीच त्यांचे हात कापायला लागले होते. आधी थोडे, मग इतके की निरोपाच्या कार्यक्रमात चहा बशीभर सांडला. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी जास्त फटकळ बोलते, तशी बोलले: "आता तरी औषध घ्या, की तेही बोटांनी वाजवून बघणार आहात?" ते हसले.

पुढच्याच चैत्रात, एका सकाळी अकराच्या सुमारास, भागाबाईचा दीर धापा टाकत कार्यालयात आला. त्याला काका निवृत्त झाल्याचं माहीत नव्हतं.

"बाबूजी कुठं हायत? देवानं पहाटंला खोय टाकली."

मी टाइप करता करता थांबले. साहेबांकडे धावले. ते म्हणाले, "उद्या बघू. आज जीप नाही, कॅमेरा दुरुस्तीला गेलाय." मी म्हटलं, "साहेब, उद्या तिथे काही दिसणार नाही. संध्याकाळी झाकतात." "फाइलवर शेरा आहे ना आपला," ते म्हणाले आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर जवळजवळ आपटला.

प्रताप नगरात पोचले तेव्हा काका गच्चीत गहू निवडत बसले होते, डोळे मिटून. मी जिन्यातूनच ओरडले, "काका, खोळ!" त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि खाली खोलीत येऊन गादीखालून तीन मोठे कागद काढले. हातबनावटीचे, जुने. बारा वर्षांपूर्वी, शब्द दिला त्याच आठवड्यात विकत आणून जपून ठेवलेले. काकू पिशवीत भाकरी भरत मला म्हणाल्या, "जाय माय, घेऊन जाय त्याईले. माहे कान किटले ऐकून ऐकून."

एसटीने फाट्यापर्यंत, तिथून बैलगाडीने. पोचायला तीन वाजले. खोळ दोन तुकड्यांत सुटून नव्या कापडावर ठेवली होती, वर हळदकुंकू. गावातल्या बाया जमल्या होत्या. भागाबाई, आता पाठीत वाकलेली, हातात शेंदराचं ताट घेऊनच उभी होती. आणि मधोमध तो खांब, करडा, उघडा, किती तरी बारीक वाटला मला. काकांनी चप्पल काढली, त्याच्यासमोर बसले, डोळे मिटले आणि दोन्ही थरथरते पंजे दगडावर ठेवले. वरून खाली गेले. परत वर गेले.

"सात," ते म्हणाले. मग मला हळूच म्हणाले, "साहेबाच्या चिरा लय शिस्तीच्या आहेत वं. सरळ ओळीनं चालतात."

मी रडले. बारा वर्षं ज्याला वेडा म्हणत आले होते तो बरोबर होता, आणि ते बघायला त्याच्याशेजारी मी सोडून दुसरं कुणी नव्हतं.

पहिला कागद त्यांनी स्वतः लावला. ब्रश उचलला, पण हात एका ठोक्याच्या जागी तीन ठोके मारू लागला. कागद मधोमध फाटला. त्यांनी तो काढून ठेवला, ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू मार." मी? मी आयुष्यात कणीक सोडून काही बडवलं नव्हतं. दुसरा कागद माझ्या हाताने वाया गेला. दगडात पिढ्यांचं तेल मुरलेलं, कागद धरेना, घसरला, सुरकुतला आणि उचलताना चिंध्या झाल्या. मग बायांनी रिठे उकळून आणले. तीनदा दगड धुतला. यात पाच वाजून गेले.

तिसरा कागद बसला. काका शेजारी डोळे मिटून माझ्या ब्रशचा आवाज ऐकत होते. "जोर कमी... खाली डावीकडं पोकळ वाजून राहिलं, तिथं मार... बस, आता वर." मी मारत होते आणि मारता मारता अक्षरं कागदातून वर यायला लागली. मला वाचता येत होतं ना! पहिल्या ओळीत गाव असावं. तिसऱ्या ओळीत एका बाईचं नाव, अमक्याची आई. पाचव्या ओळीच्या शेवटी दगडाचा टवका उडालेला होता, तळहाताएवढा. तिथे कागद नुसता खडबडीत बसला. पण तिथे काय असणार हे मला ठाऊक होतं. असल्या खांबांवर देणाऱ्या बाईच्या नावानंतर पुढे जे येतं तेच असणार: दान. दोन अक्षरं. मी अंगठ्याच्या नखाने ओल्या कागदावर ती दोन अक्षरं दाबली. लबाडी करतेय असं मला क्षणभरही वाटलं नाही. दगडाला मदत करतेय असं वाटलं.

शाई थापली. सातही ओळी पांढऱ्याशुभ्र उठल्या. मी ओरडले, "काका, दान! एका आईने दिलेला खांब आहे हा!"

भागाबाई पुढे आली. "बाईनं देल्ला? देव बाईनं उभा केला?" तिचा चेहरा असा उजळला की बाकीच्या बायाही हसायला लागल्या.

काकांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी एक हात कागदाच्या कडेवर ठेवला, ती कड जराशी उचलून पाठची बाजू बोटांनी चाचपली. मग कागद अलगद सोडवून दुसरा हात दगडावर ठेवला. एका हाताखाली कागद, एका हाताखाली दगड, अशी एकेक ओळ घेत ते खाली आले. पाचव्या ओळीच्या शेवटी थांबले.

"हे कोणं केलं?"

मी अंगठा मुठीत लपवला.

"दगडात हे नाही."

"काका, तिथे दुसरं काय असणार? कुणालाही विचारा, तिथे तेच असतं!"

"असन. पण दगडात नाही." त्यांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "यातलं कोणतं दगडाचं अन् कोणतं तुहं, हे उद्या कोण सांगन? मी मेल्यावर कोण सांगन?"

"मी लिहून देते ना कागदाच्या मागे!"

"मागचं कोणी वाचत नाही वं. एक तुहं निघालं, का सातही ओळी खोट्या. साहेब तेवढंच धरन." आणि त्यांनी तो कागद उभा फाडला, आडवा फाडला, आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. बादली काळी झाली.

मी काय बोलले ते आज सांगतानाही माझी मान खाली जाते. मी म्हटलं, "तुमचे हात कापतात. माझ्या हाताने झालं ते तुम्हाला बघवलं नाही!" सगळ्यांसमोर म्हटलं. काकांनी ऐकलं, आणि बादलीतली बोटं कोरड्या फडक्याला पुसली.

कागद संपले होते. मी गावातल्या शाळेतून वहीचे कागद मागवले. ते पाण्यात घालताच विरले. शेवटी माझ्या पर्समधल्या डायरीत मी बघून बघून ओळ-दीड ओळ उतरवली. पुढे ती साहेबांना दाखवली तर ते म्हणाले, "नजरेने काढलेलं कोण मानणार?" आणि त्यांचं बरोबरच होतं. 'लेख नाही' हा शेरा त्या फाइलवर आजही आहे. काका दोन वर्षांनी गेले. भागाबाई त्यांच्याही आधी गेली. खांब तिथेच आहे, मी मधूनमधून जाते, पेरांनी टकटक करून येते. देवाच्या मनात कधी येईल ते मला माझ्या आयुष्यात दिसेल असं वाटत नाही.

पण त्या संध्याकाळचं अजून थोडं राहिलं. सूर्य कलायला लागला होता. मी डोळे पुसत म्हणत होते, शेवटच्या बसने नागपूरला जाते, सकाळी पहिल्या बसने कागद घेऊन येते. भागाबाईने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग गावकऱ्यांकडे न बघता ती म्हणाली, "बाबूजी, तुमी म्हणसान तं एक रात ठेवतो देवाले उघडा. मी बसतो त्याच्यापाशी. लोकं काय बोलतीन ते बोलतीन."

मागे दोन-तीन म्हातारे कुजबुजले. पण तिला अडवायला कुणी पुढे आलं नाही. मी काकांचा दंड धरला. "काका, हो म्हणा. फक्त हो म्हणा."

त्यांनी तोंड खांबाकडेच ठेवलं. मग म्हणाले, "नाही, भागाबाई. बारा वर्सं तुमी माह्या शब्दावर थांबल्या. दिवेलागणीच्या आत म्हणलं होतं म्या." मग तिच्याकडे वळून, "आज माह्यासाठी थांबसान, उद्या कोणी गाडी घेऊन येईन अन् म्हणन, थांबा. त्याले काय सांगसान मंग?"

भागाबाईने पदराने तोंड पुसलं. शेंदराचं ताट तिने त्यांच्यापुढे धरलं. "मंग पयला हात तुमचा."

त्यांनी तेलात कालवलेला शेंदूर बोटांवर घेतला. मला वाटलं होतं, ते एक पट्टा ओढतील आणि उठतील. पण ते पहिल्या ओळीपासून सुरू झाले, डावीकडून, डोळे मिटून, एकेका अक्षरात बोट घालत. हात कापत होता, म्हणून प्रत्येक अक्षराला वेळ लागत होता. एकेक खाच भरत, तिचं वळण बोटाने पुरतं फिरून घेत, ते पुढे सरकत होते. बारा वर्षं वाट पाहिलेला लेख ते स्वतःच्या हाताने बुजवत होते, आणि त्यांच्या तोंडावर मी तेवढी शांती आधी कधी पाहिली नव्हती. एक ओळ गेली, दोन गेल्या. चौथी गेली.

पाचव्या ओळीच्या टोकाला ते थांबले. डोळे न उघडता त्यांनी माझं मनगट शोधलं, माझं बोट धरलं आणि त्या टवक्यावर ठेवलं. दगड ऊन होता. मी बोट फिरवलं, परत फिरवलं. नुसता खडबडीतपणा, दुसरं काही नाही.

"लागलं काही?"

"नाही, काका."

"मंग भर."

मी ताटातून शेंदूर घेतला आणि ती रिकामी जागा भरली.